अडतीस मुलांची साडेपंधरा

दिनांक ११ मार्च, मंगळवार, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. पटावर मुले अडतीस; वर्गात मुले एकतीस.

दुसरा आकडा बालवर्गाच्या खिडकीबाहेर उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी स्वतः मोजून वहीत उतरवला होता. पहिल्या वेळी तीस भरली, दुसऱ्या वेळी बत्तीस, तिसऱ्या वेळी एकतीस. चार वर्षांचे मूल मोजणे म्हणजे तव्यावरच्या पाण्याचे थेंब मोजणे. तिन्ही वाचनांची सरासरी एकतीस आली आणि शेवटचे वाचनही एकतीसच होते, म्हणून त्यांनी ते मान्य केले व खाली आद्याक्षर केले.

या गृहस्थांना सारी गल्ली मायक्रोमीटर आजोबा म्हणत असे. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन ते एका यंत्रकारखान्याच्या गेज रूममध्ये लागले आणि चौतीस वर्षांनी तेथूनच निवृत्त झाले. गेज रूम म्हणजे तयार झालेला प्रत्येक भाग मायक्रोमीटर या सूक्ष्म मापाच्या उपकरणाने मापून पाहण्याची खोली. तेथे कोणतीही वस्तू एकदाच मापण्याची पद्धत नव्हती आणि दशांश चिन्हाच्या पुढे आकडा असल्याखेरीज त्याला कोणी आकडा म्हणत नसे. आजोबांच्या अंगात ही सवय इतकी मुरली होती, की भाजीवाल्यालाही ते किलोनंतरचे ग्रॅम विचारीत.

बालवर्गाच्या खिडकीशी ते येऊन उभे राहिले त्याला मात्र निराळे कारण होते. त्यांची मुलगी या वर्गावर दुसरी शिक्षिका होती. गेल्या महिन्यात शिक्षण कार्यालयाचे पत्र आले: ज्या बालवर्गाची पटसंख्या चाळीसच्या आत आहे, तेथे यापुढे शिक्षिकेचे एकच पद राहील. पट अडतीस. म्हणजे धाकटीचे पद जाणार, आणि धाकटी म्हणजे आजोबांची मुलगी. तिला जो नवा जिल्हा मिळणार होता, तो बसने सात तासांवर होता. घरात माणसे दोनच, बाप आणि लेक. तेव्हा पद गेले तर या घराचे काय होणार, हे सांगायला मायक्रोमीटरची गरज नव्हती.

पालकांनी समिती केली. अध्यक्षपद आपोआप शिंपीणबाईंकडे गेले. त्यांची जुळी मुले याच वर्गात होती आणि आवाज असा, की मशीन चालू असतानाही समोरच्या फुटपाथवर ऐकू जाई. पहिल्याच बैठकीत कोणीतरी म्हणाले, शेजारचा देश लहान मुलांच्या शिक्षणावर आपल्यापेक्षा कितीतरी जास्त खर्च करतो.

"कितीतरी म्हणजे किती?" शिंपीणबाईंनी विचारले. "कितीतरी कागदावर लिहिता येत नाही."

सगळ्यांच्या माना आजोबांकडे वळल्या.

आजोबांनी अकरा दिवस घेतले. दोन्ही सरकारांचे छापील अहवाल मिळवले. पहिली अडचण चलनाची आली. बँकेतला दर अकरा दिवसांत तीनदा बदलला, आणि मापता मापता जी पट्टी लांब होते तिला पट्टी म्हणता येत नाही, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी दोन्ही देशांतला एक लिटर दुधाचा भाव घेतला आणि सरकारी खर्च दुधात मोजला. आपल्याकडे एका मुलामागे वर्षाला चारशे दहा लिटर. शेजारी तेराशे चौऱ्याण्णव लिटर. भागाकार तीन पूर्णांक चार, बाकी शून्य. इतका स्वच्छ भागाकार त्यांनी नोकरीतही क्वचित पाहिला होता.

"साडेतीन पट लिहिते," शिंपीणबाई म्हणाल्या.

"तीन पूर्णांक चार आहे."

"अहो आजोबा, शिवणीला थोडी माया धरावी लागते. नेमकं मापाला कापलं तर अंगात चढत नाही."

साडेतीन पट अर्जात गेले, अर्ज कार्यालयात गेला आणि त्याच आकड्याचे लाल अक्षरांचे कापड शिंपीणबाईंनी स्वतः शिवून बालवर्गाच्या फाटकावर लावले. सुनावणीची तारीख पडली, २७ मार्च.

आणि मग ८ मार्चला, शनिवारी दुपारी, आजोबांच्या धाकट्या बहिणीचा फोन आला.

बहीण लग्न होऊन त्या शेजारच्या देशात गेली त्याला तीस वर्षे झाली होती. तिकडच्या एका सरकारी बालशाळेत ती हजेरीचे दप्तर सांभाळून नुकतीच निवृत्त झाली होती. आजोबांनी तिला दुधाचा भाव तेवढा विचारला होता. कशासाठी ते सांगितले नव्हते. आज त्यांनी मोठ्या उमेदीने सारी बेरीज वाचून दाखवली.

"थांब दादा," बहीण म्हणाली. "आमच्या देशातली मुलं किती धरलीस?"

"तीन लाख चौदा हजार दोनशे सात पूर्णांक पाच."

"पूर्णांक पाच?"

"तुमच्या सरकारनं तसं छापलंय. दर महिन्याला मोजून वर्षाची सरासरी काढलेली दिसते. याला म्हणतात शिस्त! आपल्याकडे नुसते हजार लिहितात."

पलीकडे एवढे हसू फुटले, की बहिणीला फोन ठेवून पाणी प्यावे लागले. परत आली तेव्हाही तिचा श्वास लागलेला होता.

"सरासरी कसली घेऊन बसलास, दादा! ते अर्धं मूल आहे."

"कोणाचं?"

"कोणाचंही! सहा तास थांबलं तर एक मूल. तीन तासांनी घरी गेलं तर अर्धं. मी वीस वर्षं अर्धी मुलं लिहिली. आमच्याकडे बहुतेक सगळी अर्धीच आहेत."

दशांश चिन्ह पाहून त्यांनी त्या आकड्याला मनोमन सलाम केला होता. ज्या आकड्याच्या पुढे पूर्णांक पाच आहे तो कोणीतरी काळजीने मापलेला असणार, हे गृहीत धरून त्यांनी आयुष्य काढले होते. काळजीने मापलेला तो होताच. पण काय मापले हे विचारायचे राहून गेले होते.

"म्हणजे तेराशे चौऱ्याण्णव लिटर एका मुलाचं नाही?"

"दोघांचं मिळून आहे. आणि हे बघ, आमच्या खर्चात मुलांचं जेवण धरतात, इमारतीचं भाडं धरतात. तुमचं?"

आजोबांनी अहवाल उघडला. आपल्याकडचे जेवण आरोग्य खात्याच्या पुस्तकात होते आणि इमारत नगरपालिकेच्या. तिन्ही पुस्तके एकमेकांना ओळख दाखवत नव्हती.

"दादा? आहेस ना?"

"आहे," आजोबा म्हणाले. "किती आहे ते सांगता येत नाही."

त्यानंतरचे दोन दिवस त्यांनी आकडेमोडीत घालवले आणि जसजशी ती पुढे गेली तसतसे डोके मागे जाऊ लागले. तेराशे चौऱ्याण्णवाचे निम्मे सहाशे सत्त्याण्णव. आपल्या चारशे दहांत जेवणाचे एकशे तीस आणि इमारतीचे नव्वद मिळवले की सहाशे तीस. म्हणजे साडेतीन पट जाऊन फरक उरला जेमतेम सदुसष्ट लिटरचा. येथेही थांबता आले असते. परंतु बहिणीने जाता जाता आणखी एक खडा टाकला होता: "आमच्याकडे जे मूल आलं नाही ते मोजत नाहीत हं." आपल्याकडे तर पटावर नाव चढले की मूल आजारी पडो, गावाला जावो, ते वर्षभर मूलच. म्हणूनच मंगळवारी सकाळी आजोबा खिडकीशी उभे होते. शुक्रवारपर्यंत रोज मोजले. चारही दिवसांची सरासरी एकतीस. अडतीस मुलांचा खर्च एकतिसांवर वाटला, की आपला आकडा सातशे बहात्तर लिटर. साऱ्या देशाची हजेरी त्यांच्यापाशी नव्हती. एका वर्गावरून देश मोजणे ही लबाडी आहे, अशी टीप त्यांनी समासात लिहिली. तरीही उत्तर समोर होतेच. सातशे बहात्तर विरुद्ध सहाशे सत्त्याण्णव. आपला देश शेजाऱ्यापेक्षा जास्त खर्च करत होता.

आजोबांनी चष्मा काढून पुसला. चष्म्याचा काही दोष नव्हता.

गेज रूममध्ये असे प्रसंग येत. दोन मायक्रोमीटर दोन वाचने देत. नवशिके विचारीत, यातला खरा कोणता? त्यावर आजोबांचे वरिष्ठ त्यांना गप्प करीत आणि ज्याचे माप ठाऊक आहे असा एकच पोलादी ठोकळा दोन्ही मायक्रोमीटरांत घालून पाहायला लावीत. मग कोणता किती चुकतो ते आपोआप कळे. आजोबांनी तेच करायचे ठरवले. दोन देश बाजूला ठेवले आणि ज्याचे एकूण एक पोर त्यांच्या नजरेखालून गेले होते, तो मुलीचा वर्गच दोन्ही मापांत घालून पाहिला.

आपल्या मापाने: मुले अडतीस, चाळीसच्या आत, शिक्षिका एक.

शेजारच्या मापाने: हजर मुले एकतीस, वर्ग तीनच तासांचा, म्हणून पूर्ण मुले साडेपंधरा. तेथे दर दहा पूर्ण मुलांमागे एक शिक्षिका, असे बहिणीने सांगितले होते. म्हणजे शिक्षिका एक पूर्णांक पंचावन्न.

ठोकळा तोच होता. पण दोन्ही मायक्रोमीटरांतून निघालेली वस्तू एकच आहे असे कोणी शपथेवर सांगितले नसते.

सोमवारी ते वही घेऊन शिंपीणबाईंच्या दुकानात गेले. बाई कोणाच्या तरी पँटची लांबी कमी करत होत्या. आजोबांनी पाच मिनिटे समजावले. बाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या, कारण पुढचे बोलणे टाचण्या तोंडात धरून करण्यासारखे नव्हते.

"म्हणजे माझी जुळी मिळून एकच पोरगं?"

"त्यांच्या हिशेबानं."

"एकदा दोघांना तुमच्याकडे पाठवते अर्धा तास. मग सांगा किती भरतात ते." त्यांनी पँट बाजूला फेकली. "आजोबा, एक ना धड भाराभर चिंध्या करून आणल्यात! मी एक आकडा मागितला होता. गिऱ्हाईकाची चार मापं घेतली तर कापायचं कुठल्या मापावर?"

"साडेतीन चुकीचं आहे एवढं नक्की."

"बरोबर काय ते?"

"ते नक्की नाही."

"मग गप्प बसायला काय घेता? साहेब काय दुधाचा भाव विचारणार आहेत? फाटकावर कापड लागलंय, अर्ज गेलाय. आता हे तोंडानं सांगायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. आणि पद कोणाचं जातंय? माझं नाही, तुमच्या लेकीचं!"

आजोबा वही मिटून घरी आले. लेक वर्गातून आली होती आणि रंगाने माखलेले हात घासत होती. त्यांनी वही तिच्यापुढे ठेवली. तिने ओल्या हातांनी पान धरू नये म्हणून स्वतःच उलटून दाखवली.

"बाबा, पण खरं काय आहे?" सगळे ऐकून झाल्यावर तिने विचारले.

"कोणत्या मापानं?"

"बाबा!"

"हीच तर पंचाईत आहे, पोरी. पट धरला तर आपण कमी खर्च करतो. हजेरी धरली तर जास्त. तास धरले तर... तासांचं अजून नीट कळलं नाही."

लेक हसली, पण पुरते हसली नाही. "मला विचाराल तर दहा वाजता एकदम चौघांना शी लागते. मोठ्या बाई चौघांना घेऊन मागे जातात. तेवढ्यात इकडे एक पडतो आणि एक दुसऱ्याला चावतो. त्या वेळी वर्गात दुसरी बाई लागते. एवढंच मला माहिती आहे. हे कुठल्या रकान्यात बसतं?"

आजोबांनी वहीचे रकाने प्रामाणिकपणे तपासले. "बसत नाही," ते म्हणाले.

"मग जाऊ द्या. तुम्हाला योग्य वाटेल ते सांगा. मी सामान बांधायला लागले तर तुम्ही घड्या मोजत बसू नका म्हणजे झालं."

योग्य काय, हेच तर कळत नव्हते. खोटा आकडा तसाच ठेवावा तर लेक कदाचित राहील. दुरुस्ती सांगावी तर साहेब म्हणतील, आपण शेजाऱ्यापेक्षा जास्त खर्च करतो हे तुम्हीच सिद्ध केलेत, मग एक पद कमी केले तर बिघडले कुठे? सुनावणीच्या सकाळपर्यंत आजोबांनी तक्ता सात वेळा नव्याने लिहिला. प्रत्येक वेळी तो अधिक बिनचूक झाला आणि प्रत्येक वेळी तो त्यांना थोडा कमी कळला.

२७ मार्चला कार्यालयात साहेबांपुढे अर्जाची जाड फाइल होती. शिंपीणबाई ठेवणीतले कपडे घालून पहिल्या खुर्चीवर बसल्या होत्या. आजोबा दुसऱ्या खुर्चीवर, गुडघ्यांवर वही. लेकीला आत बोलावलेले नव्हते. ती बाहेर बाकावर होती.

"शेजारचा देश साडेतीन पट खर्च करतो," साहेबांनी वाचले. "हा आकडा कोणी काढला?"

"मी," आजोबा म्हणाले, आणि बाईंची कोपरखळी बरगडीला लागायच्या आत पुढे म्हणाले, "तो चुकलेला आहे."

साहेबांनी मान वर केली. अर्जदाराने स्वतःचाच आकडा खोडल्याचा प्रसंग त्यांच्या नोकरीत आला नसावा. "मग किती पट?"

"तीन पूर्णांक चार, किंवा एक पूर्णांक एक, किंवा शून्य पूर्णांक नऊ."

"यातला कुठला?"

"मूल कशाला म्हणायचं त्यावर आहे, साहेब."

"देवा!" शिंपीणबाई छताकडे बघून म्हणाल्या.

आजोबांनी तक्ता टेबलावर पसरला. पट, हजेरी, तास, दूध, जेवण, इमारत. साहेबांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, मग पुन्हा कपाळावर नेला. मध्येच शिपायाला बोलावून दरवाजा लावायला सांगितला. कशासाठी ते शिपायालाही कळले नाही.

"म्हणजे आपण जास्त खर्च करतो?"

"हजर मुलामागे, या एका वर्गाची हजेरी धरली तर. ती सगळ्या देशाला धरणं बरोबर नाही. समासात लिहिलंय."

"तुम्ही नक्की कोणाच्या बाजूनं आलात?"

"पालकांच्या," आजोबा म्हणाले. "आणि मुलगी माझी आहे, तेही लिहून ठेवलंय. खाली, उजव्या कोपऱ्यात."

साहेबांनी उजवा कोपरा पाहिला. खरेच लिहिले होते.

"साहेब, मी सांगते," शिंपीणबाईंना राहवले नाही. "हे सगळं राहू द्या. अकरा दिवस खपून एक आकडा काढला आणि तीन आठवडे खपून तो मोडला, असा माणूस तुम्हाला खोटं सांगेल का? यांना एवढंच विचारा, या वर्गाला बाया किती लागतात?"

साहेबांना हा प्रश्न आपल्याला आधी सुचायला हवा होता असे वाटलेले दिसले. "सांगा. आपल्या नियमानं किती?"

"एक."

"आणि त्यांच्या?"

"एक पूर्णांक पंचावन्न. तीन तासांच्या वर्गासाठी. वर्ग सहा तासांचा केला तर तीन पूर्णांक एक होतील, पण मग खर्च..."

"सहा तासांचं नको!" साहेब घाईने म्हणाले. त्यांनी पेन उचलले, तक्त्यातल्या एका चौकोनाभोवती वर्तुळ काढले, थांबले, दुसऱ्याभोवती काढले. "मला नियमाच्या वर जायचा अधिकार आहे, पण आधार लागतो. इतक्या पट, तितक्या पट अशा घोषणा माझ्याकडे नऊ आल्यात, प्रत्येकीत निराळी पट. असा तक्ता कोणी आणला नाही. तो मला कळला असं मी म्हणत नाही. ठेवून जा."

बाहेर लेकीने विचारले, "काय झालं?"

आजोबा वहीत पान शोधू लागले. शिंपीणबाईंनी उत्तर दिले: "तुझ्या बाबांनी आपला आकडा स्वतः पाडला आणि साहेबांनी तो उचलून ठेवला. जिंकलो की हरलो ते मला विचारू नको. मी सातवी पास आहे."

फाटकावरचे कापड त्यांनी त्याच संध्याकाळी काढले. आजोबांनी आभार मानले तेव्हा म्हणाल्या, "आभार कसले? कापड चांगलं आहे, पिशव्या होतील."

८ एप्रिलला, मंगळवारी, टपालाने आदेश आला. लेक वर्गात होती, म्हणून आजोबांनी तो स्वतः वर्गावर नेला. मोठ्या बाईंनी मुलांना मातीकामाला बसवले. लेकीने दारातच पाकीट फोडले. शिंपीणबाईही कातर हातात घेऊन धावत आल्या. आदेशात लिहिले होते, की अर्जदारांनी सादर केलेला तक्ता अभ्यासण्यात आला. सध्याच्या कनिष्ठ शिक्षिकेची बदली रद्द करण्यात येत आहे. तिने आठवड्यातून तीन दिवस काम करावे. वेतन त्या प्रमाणात.

"म्हणजे मी इथंच?" लेक म्हणाली.

"इथंच."

"पण अर्धी?"

आजोबांनी कागद पुन्हा वाचला. "आठवड्याचे दिवस पाच. तीन भागिले पाच म्हणजे शून्य पूर्णांक सहा होतात. त्यांनी ते अर्धं कसं धरलं ते बघावं लागेल."

"बाबा, नका बघू."

"आणि उरलेल्या दोन दिवशी दहा वाजता काय करायचं?" मोठ्या बाई आतून म्हणाल्या. तेवढ्यात आत कोणीतरी कोणाला तरी चावले, आणि लेक कागद बापाच्या हातात देऊन पळाली.

आजोबा दारात उभे राहिले. आनंद झाला असावा असे त्यांना वाटत होते. पण तो किती, हे ठरवायला त्यांना जागा सापडत नव्हती. शिंपीणबाईंनी त्यांच्या हातातला कागद वळवून स्वतःकडे घेतला आणि शेवटची ओळ बोट ठेवून मोठ्याने वाचली.

मंजूर पदे : १.५.